रोमची कुळी : रक्ताची कीं सोयीची?

प्राचीन रोम शहरांत थोरामोठ्यांच्या घरीं एक चाल असे. ज्या पूर्वजानें सरकारांत वरिष्ठ अधिकार भोगला असेल, त्याच्या चेहऱ्याचा मेणाचा मुखवटा करून तो दिवाणखान्यांतील लांकडी कपाटांत ठेवीत. घरांतील कोणी कर्ता पुरुष वारला कीं हे मुखवटे बाहेर निघत. पूर्वजांशीं अंगलटीनें जुळणारी माणसें ते तोंडावर चढवीत, त्या त्या पूर्वजाच्या हुद्द्याचा पोशाख घालीत आणि प्रेतयात्रेबरोबर चालत. मेलेल्या बापाच्या संगतीनें मेलेले आजे-पणजे सारे रस्त्यानें चालले आहेत, असा तो देखावा होई. पुढें चौकांत मुलगा उभा राहून सर्वांची थोरवी गाई. पोलिबियस नांवाच्या ग्रीक इतिहासकारानें इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांत या चालीचें वर्णन करून ठेविलें आहे.

देखावा मोठा खरा. पण गाइलेली थोरवी खरी होती काय? याचें उत्तर आम्हीं देण्याचें कारण नाहीं. इ. स. पूर्वीं ६३ मध्यें रोमचा मुख्य अधिकारी झालेला प्रसिद्ध वक्ता सिसरो यानेंच तें देऊन ठेविलें आहे. तो म्हणतो कीं, या प्रेतावरच्या भाषणांनीं आमचा इतिहास नासविला. न जिंकलेल्या लढायांचे विजय त्यांत घुसले, न मिळालेले हुद्दे त्यांत वाढले, आणि हलक्या घरचा मनुष्य केवळ नांव सारखें म्हणून थोर घराण्याच्या वंशांत दडपून घातला गेला. घरच्याच माणसाची ही साक्ष आहे. ज्यांच्याकडे पैसा त्यांच्याकडे भाट, आणि ज्यांच्याकडे भाट त्यांच्याकडे पूर्वज, असा हा सरळ हिशेब होता.

हे पूर्वज कोठपर्यंत पोंचत तें पहा. इ. स. पूर्वीं ६९ मध्यें ज्यूलियस सीझरची आत्या ज्यूलिया वारली. तिच्या प्रेतयात्रेच्या वेळीं सीझरनें भर चौकांत सांगितलें कीं, हिचें आईकडचें कूळ प्राचीन राजांचें, आणि बापाकडचें तर साक्षात् व्हीनस देवीचें! आतां ही देवीच्या वंशांतली मुलगी दिली होती कोणाला? मारियस नांवाच्या सेनापतीला. हा आर्पिनम गांवचा, रोमच्या दृष्टीनें बाहेरगांवचा मनुष्य. त्याच्या घरीं मुख्य अधिकाऱ्याचा एकही मुखवटा नव्हता. परंतु त्याच्या हातीं पैसा आला, सैन्य आलें, आणि रोमचा सर्वांत वरचा हुद्दा तो सात वेळां भोगून गेला. सीझरच्या घराण्यास तेव्हां मान होता, पण हातीं सत्ता फारशी नव्हती. मग देवीचें रक्त त्या सोयरिकीनें बाटलें नाहीं! बाटण्याचा प्रश्न नेहमीं गरिबाशीं सोयरीक जोडतांनाच कसा निघतो, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

या सोयऱ्याधायऱ्यांच्या राजकारणापूर्वीं एक मोठा झगडा होऊन गेला होता, तो आमच्या बहुजनसमाजानें मुद्दाम वाचण्यासारखा आहे. रोमची वस्ती दोन वर्गांत वांटलेली होती : पॅट्रिशियन म्हणजे कुलीन, आणि प्लेबियन म्हणजे सामान्य रयत. इ. स. पूर्वीं ४५० च्या सुमारास रोमचा पहिला लेखी कायदा बारा पाट्यांवर कोरून लोकांसमोर लावण्यांत आला. त्यांत एक कलम असें होतें कीं, या दोन वर्गांत बेटीव्यवहार होऊं नये. पांच वर्षांनीं, म्हणजे इ. स. पूर्वीं ४४५ मध्यें, कॅन्युलियस नांवाच्या रयतेच्या पुढाऱ्यानें तें कलम रद्द करण्याचा ठराव आणिला. त्यावर कुलीनांनीं केलेला आकांत लिव्ही या इतिहासकारानें सविस्तर दिला आहे. पक्ष्यांच्या उडण्यावरून देवाचा कौल घेण्याचा अधिकार आमच्या कुळांचा. संकर झाला तर कौल बिघडेल, देव रागावतील, आणि होणारें मूल अर्धें इकडचें अर्धें तिकडचें होऊन त्याला स्वतःचें रक्त कोणतें हेंच कळणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें.

लिव्हीनें कॅन्युलियसच्या तोंडीं घातलेलें उत्तर मोठें मार्मिक आहे. त्याचा आशय असा कीं, रोमचे जुने राजे तरी कोणत्या कुळीचे होते? एक परक्या मुलखांतून बोलावून आणलेला, दुसरा परदेशी माणसाचा मुलगा, तिसरा तर बंदिवान बाईच्या पोटचा! त्यांनीं राज्य केलें तेव्हां देव रागावले नाहींत, मग आतां कां रागावतील? एवढ्यानें भागेना तेव्हां रयतेनें सैन्यभरती अडवून धरली. शत्रु वेशीशीं, आणि लढायला रयत नाहीं, असें झाल्यावर कुलीनांस देवाचा कौल एकाएकीं अनुकूल दिसूं लागला व कलम रद्द झालें. पुढें इ. स. पूर्वीं ३६७ मध्यें मुख्य अधिकाऱ्याचा हुद्दा, आणि ३०० मध्यें मोठ्या पुरोहितांच्या जागाही रयतेस खुल्या झाल्या. आभाळ कोसळलें नाहीं. उलट रोमचें मोठें राज्य उभें राहिलें तें यानंतर.

आतां दत्तकाकडे वळूं. आपल्याकडे दत्तक म्हटला कीं मांडीवर बसविलेलें लहान मूल डोळ्यांपुढें येतें. रोमच्या थोर घरांत बहुतेक वेळां चांगला वाढलेला, कर्ता पुरुष दत्तक घेत. हेतु तीन : घराण्याचें नांव चालावें, कुलदैवतांची पूजा बंद पडूं नये, आणि जिंदगी बाहेर जाऊं नये. तेथें बापाची सत्ता इतकी कडक कीं मुलगा मोठा झाला तरी बाप जिवंत असेतों कायद्यानें बापाच्याच मुठींत. त्या सत्तेंतून त्याला सोडवून दुसऱ्याच्या सत्तेंत देण्यासाठीं त्याची तीन वेळां लटकी विक्री करीत. साक्षीदार उभे करून, तराजू धरून, धातूचें नाणें त्यावर वाजवून. स्त्रीच्या हातीं अशी सत्ता मुळींच नसे, म्हणून तिला दत्तक घेतां येत नसे. पोरगा ज्या घरीं गेला त्या घराचें नांव, त्याचे मुखवटे आणि त्याचे पूर्वज त्याचे झाले. म्हणजे ज्या रक्ताचा एवढा डांगोरा पिटीत, तें एका दिवसांत तराजूवर बदलतां येत असे!

या सोयीची किंमत कधीं कधीं मोठी पडे. एमिलियस पॉलस नांवाच्या सेनापतीला चार मुलगे होते. थोरले दोघे त्यानें दोन बड्या घराण्यांत दत्तक दिले व धाकटे दोघे घरीं ठेविले. इ. स. पूर्वीं १६७ मध्यें मॅसिडोनियाचें राज्य जिंकून तो परतला आणि त्याच्या विजयाची मिरवणूक ठरली. मिरवणुकीच्या पांच दिवस आधीं एक मुलगा वारला. तो चौदा वर्षांचा होता. मिरवणुकीनंतर तीन दिवसांनीं दुसरा वारला. तो बारा वर्षांचा. थोरले दोघे जिवंत, नामवंत, पण कायद्यानें दुसऱ्यांचे. त्यांतल्याच एकानें पुढें इ. स. पूर्वीं १४६ मध्यें कार्थेज शहर पाडून सिपियो घराण्याचें नांव गाजविलें. जगज्जेत्या बापाचें स्वतःचें घर मात्र ओस पडलें. ज्यांनीं लेकरूं दिलें आहे किंवा गमावलें आहे, त्यांस यावर अधिक सांगणें नको.

याउलट लबाडीचा मासला पहा. क्लोडियस नांवाचा एक बडा कुलीन होता. रयतेचा पुढारी म्हणून जो हुद्दा असे, तो फक्त रयतेच्या माणसासच मिळे. क्लोडियसला तो हवा होता. मग इ. स. पूर्वीं ५९ मध्यें त्यानें रयतेपैकीं एका मनुष्यास आपल्याला दत्तक घ्यावयास लाविलें, आणि हा नवा बाप मुलापेक्षां वयानें लहान होता! मुख्य पुरोहित ज्यूलियस सीझर. त्याच्या डोळ्यांदेखत विधि पार पडला. बापानें लगेच मुलाला आपल्या सत्तेंतून मोकळें केलें, आणि दुसऱ्या वर्षीं क्लोडियस रयतेचा कैवारी म्हणून खुर्चीवर बसला. आज खोटा जातीचा दाखला काढून दुसऱ्यांच्या हक्काच्या राखीव जागेवर बसणाऱ्यांनीं आपला हा पूर्वज ओळखावा. कुळीचा अभिमान बाळगणारेच, लाभ दिसला कीं कुळी सर्वांत आधीं टाकतात.

रोमचा पहिला बादशहा ऑगस्टस हा तरी कोण? मूळचा ऑक्टेव्हियस, व्हेलिट्री गांवच्या खात्यापित्या घरचा. सीझरच्या बहिणीचा तो नातू. इ. स. पूर्वीं ४४ मध्यें सीझरचा खून झाला, मृत्युपत्र उघडलें, आणि त्यांत हा अठरा वर्षांचा पोरगा दत्तक निघाला. त्या दिवसापासून व्हीनस देवी त्याचीही पूर्वज झाली! त्याचा प्रतिस्पर्धी अँटनी हिणवीत असे कीं, याचा पणजा गुलामगिरींतून सुटलेला, दोरखंडें वळणारा; आजा सराफीचा धंदा करणारा; आणि आईकडचा पणजा आधीं अत्तराचें दुकान व मग भटारखाना चालविणारा. हें सुएटोनियस या चरित्रकारानें नोंदविलें आहे. खरें असो वा खोटें, आम्ही विचारतों, यांत शिवी ती कोठली? दोर नसता तर रोमचें एकही गलबत समुद्रांत गेलें नसतें, आणि भटारी नसता तर सारें शहर उपाशी मेलें असतें. कष्टाचा धंदा ही शिवी, आणि लुटीचा धंदा ही थोरवी, हाच त्या वंशवृक्षांचा धर्म होता.

पण या सर्व खेळांत सोंगट्या झाल्या त्या घरच्या लेकी. त्यांना स्वतःचें असें नांवही बहुधा नसे. ज्यूलियस घराण्याची मुलगी ती ज्यूलिया. दोन झाल्या तर थोरली ज्यूलिया आणि धाकटी ज्यूलिया. ऑगस्टसला एकच अपत्य, ज्यूलिया नांवाची मुलगी. वारस पाहिजे म्हणून चौदाव्या वर्षीं तिचें लग्न आतेभावाशीं लाविलें. तो दोन वर्षांत वारला. मग बापाच्या बरोबरीच्या वयाचा सेनापति अग्रिप्पा याला ती दिली. तिला झालेले दोन मुलगे ऑगस्टसनें इ. स. पूर्वीं १७ मध्यें जांवयाकडून त्याच तराजूच्या विधीनें विकत घेऊन दत्तक केले, म्हणजे आजा बाप झाला. अग्रिप्पा वारल्यावर ती आपल्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा मुलगा टायबेरियस याच्या गळ्यांत घातली. टायबेरियसची व्हिप्सानिया नांवाची बायको होती, मूल होतें, तिला दुसऱ्यानें दिवस गेले होते, आणि त्याचें तिच्यावर प्रेम होतें. हुकमापुढें इलाज नाहीं. तिला काडी मोडून द्यावी लागली. पुढें एकदां ती वाटेंत दृष्टीस पडली तेव्हां तो डबडबलेल्या डोळ्यांनीं तिच्याकडे पाहत राहिला, म्हणून ती त्याच्या नजरेस पुन्हां पडूं नये अशी तजवीज केली गेली. ज्यूलियेला बापानें इ. स. पूर्वीं २ मध्यें व्यभिचाराच्या आरोपावरून एका ओसाड बेटावर धाडलें. विकत घेतलेले दोघेही नातू भर तारुण्यांत वारले. अखेर गादी गेली टायबेरियसला, आणि तीही दत्तक करूनच.

याच ऑगस्टसनें स्वतः लिव्हियाशीं लग्न केलें तेव्हां ती दुसऱ्याची गरोदर बायको होती. पुरोहितांस विचारलें, त्यांनीं शास्त्रांतून वाट काढून दिली. क्लॉडियस बादशहाला सख्ख्या भावाची मुलगी अग्रिप्पिना बायको करावयाची होती; रोममध्यें तें पाप. इ. स. ४९ मध्यें सिनेट सभेनें कायदाच बदलला : भावाची मुलगी चालेल, बहिणीची चालणार नाहीं! तिच्या आधींच्या नवऱ्याचा मुलगा नीरो यास क्लॉडियसनें स्वतःचा मुलगा असतांना दत्तक घेतलें. मग आपली मुलगी ऑक्टेव्हिया त्याला द्यावयाची, तर ती झाली बहीण. यावर तोड अशी कीं, मुलगीच दुसऱ्या घराण्यांत दत्तक देऊन टाकली आणि लग्न लाविलें. नीरोनें पुढें तिला टाकलें, हद्दपार केलें, आणि इ. स. ६२ मध्यें ठार करविलें. थोर कुळींत लेक देण्याचें हें फळ!

कोणी म्हणेल, तुम्ही वाईट तेवढेंच सांगतां. नेर्व्हा बादशहापासून ट्रेजन, हेड्रियन, अँटोनायनस, मार्कस ऑरेलियस असे एकामागून एक दत्तकानें आलेले बादशहा रोमचे उत्तम राज्यकर्ते ठरले, हें कसें? तें खरें आहे, आणि आमच्या म्हणण्यास तें बळकटीच देतें. पोटच्यापेक्षां पारखून घेतलेला बरा निघाला. परंतु त्यांतही भोळेपणा नको. यांपैकीं पहिल्या चौघांना गादीवर बसवायला जिवंत मुलगाच नव्हता. मार्कस ऑरेलियस हा मोठा तत्त्वज्ञ. त्याला मुलगा होता. तेव्हां पारख, गुण, तत्त्वज्ञान सारें बाजूस राहिलें आणि गादी कॉमोडसला मिळाली. त्यानें इ. स. १८० पासून राज्याची धूळधाण केली व १९२ मध्यें आपल्याच माणसांच्या हातून मेला. त्यानंतर आफ्रिकेंतील लेप्टिस शहरचा सेप्टिमियस सेव्हेरस तलवारीच्या जोरावर बादशहा झाला. त्यानें १९५ मध्यें जाहीर केलें कीं, मी मार्कस ऑरेलियसचा मुलगा! मार्कस मरून पंधरा वर्षें झालीं होतीं. मेलेल्या बापानें मुलगा घेतला नाहीं, तर जित्या मुलानें बाप दत्तक घेतला! एका थट्टेखोर सरदारानें, बाप सांपडला म्हणून त्याचें अभिनंदन केलें, असें डायो इतिहासकार लिहितो.

एकच मनुष्य या वेडापासून दूर राहिलेला दिसतो. इ. स. ६९ मध्यें एकाच वर्षांत रोमला चार बादशहा झाले. त्यांतल्या पहिल्या गाल्बानें आपल्या दिवाणखान्यांत वंशवृक्ष लाविला होता, तो देवांचा राजा ज्युपिटर याच्यापर्यंत पोंचत होता. जानेवारींत त्याचा खून झाला, आणि पांच दिवसांपूर्वीं घेतलेला त्याचा दत्तक मुलगाही मारला गेला. चौथा व्हेस्पेशियन, डोंगराळ मुलखांतल्या साध्या घरचा. त्याचा पणजा शेतमजुरांच्या टोळ्यांचा मुकादम होता, असेंही कोणी सांगत. खुशामत्यांनीं त्याचें मूळ हर्क्यूलीस देवाच्या सोबत्यापर्यंत नेऊन भिडविलें, तेव्हां तो त्यांना हंसला. त्यानें दहा वर्षें राज्य करून रिकामी तिजोरी भरली आणि अंथरुणावर मेला.

आणि ज्यांच्या पाठीवर हें सगळें उभें होतें त्या गुलामांची वंशावळ कोठें आहे? रोमच्या कायद्यानें गुलामाचें लग्न हें लग्नच नव्हे, गुलामाला कायद्याचा बापच नाहीं, आणि गुलाम बाईचें मूल हें मालकाचें धन. मालकांस दोन-दोन बाप, आणि राबणाऱ्यास एकही नाहीं! ही वंशावळीची खरी दुसरी बाजू.

वाचकहो, नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ पाहूं नये, असें आपले वाडवडील म्हणत. रोमच्या थोरांचें कूळ पाहिल्यावर ती म्हण कां पडली हें समजतें. आमच्याकडेही बडोद्याचे सयाजीराव १८७५ मध्यें कवळाण्याच्या शेतकरी घरांतून, आणि कोल्हापूरचे शाहू छत्रपति १८८४ मध्यें कागलच्या घाटग्यांकडून दत्तक आले. त्यांची आठवण आपण दत्तकपत्रासाठीं काढतों काय? एकानें १९०६ मध्यें राज्यभर सक्तीचें मोफत शिक्षण दिलें, दुसऱ्यानें १९०२ मध्यें मागासलेल्या वर्गांस निम्म्या नोकऱ्या राखून ठेविल्या, म्हणून आपण त्यांचें नांव घेतों.

मग आमच्या शेतकरी व कारागीर घरांनीं हें मुखवट्यांचें वेड कां पाळावें? अमक्या कुळीचें स्थळ म्हणून जमीन गहाण टाकून हुंडा द्यावयाचा, आणि शेजारचा कष्टाळू, निर्व्यसनी, शिकलेला मुलगा कुळी हलकी म्हणून नाकारावयाचा, ही ऑगस्टसचीच रीत आहे; फरक इतकाच कीं त्याच्यापाशीं बादशाही होती, आपल्यापाशीं सावकाराचें कर्ज आहे. मुलगा नाहीं म्हणून वंश बुडाला असें रडणाऱ्यांनीं तर कायदा एकदां वाचावा. १९५६ च्या कायद्यानें हिंदूंत मुलगीही दत्तक घेतां येते, स्त्रीलाही दत्तक घेतां येतो. आणि २००५ पासून वडिलार्जित जमिनींत लेकीचा हिस्सा लेकाइतकाच आहे. रोमच्या राजकन्येला जें मिळालें नाहीं तें आज शेतकऱ्याच्या लेकीला कायद्यानें मिळालें आहे. घरच्यांनीं तें तिच्या हातीं पडूं द्यावें एवढेंच उरलें आहे.

तेव्हां यंदाच्या लग्नसराईंत मुलाची कुळी विचारण्याऐवजीं त्याची कमाई, त्याची प्रकृति, त्याची संगत विचारा. आणि सर्वांआधीं मुलीला विचारा. सातबाऱ्यावर तिचें नांव लावा. पुरोहितानें वंशावळ वाचून दाखविली तर ऐकून घ्या, आणि व्हेस्पेशियनासारखे हंसा.